भिंतीतला आडवा दगड

फोर्टमधलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आपण सर्वांनी पाहिलं असेल. त्याच्या भिंतींतला करडा बेसॉल्ट कुर्ल्याचा आणि पिवळसर ट्रॅकाइट मालाडचा, म्हणजे दगड आपल्याच उपनगरातला!

मी कॉन्व्हेंटचा विद्यार्थी. ‘हेडर’, ‘स्ट्रेचर’ तोंडपाठ. पण हॉस्टेलची कंपाउंड वॉल बांधणारे गवंडीकाका “ओळंबा दे” म्हणाले, तेव्हा मी थापी पुढे केली! काका हसले. दोरीला लोंबणारं ते वजन दाखवून म्हणाले, “भिंत सरळ आहे की नाही, हे हाच सांगतो.” मग विचारलं, “विटा आडव्या का घालतात?” मी म्हटलं, “ताकद येते.” “कशी?” मी गप्प.

उत्तर सोपं आहे. आपली मॉड्युलर वीट १९×९×९ सें.मी.ची, मसाला धरून २०×१०×१०, म्हणजे एका घनमीटरला ५०० विटा. लांबीने ठेवली तर ती स्ट्रेचर. नुसत्या स्ट्रेचरची २० सें.मी. भिंत बांधली तर शेजारी शेजारी उभ्या दोन पातळ भिंतीच तयार होतात. हेडर जाडीत आडवा बसतो आणि दोघींना बांधून ठेवतो. इंग्लिश बाँडमध्ये एक थर स्ट्रेचरचा, एक हेडरचा, तो याचसाठी. शिवाय उभे सांधे एकावर एक येत नाहीत.

दगडी भिंतीत हेच काम आरपार दगड करतो. तो नसला तर काय होतं, हे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीने दाखवलं. तिथल्या जाड भिंतींत आत एक थर, बाहेर एक थर, मध्ये दगडमातीची भर. वर माळवदाचं ओझं. धक्क्याने दोन्ही थर सुटे झाले, भिंती फुगून कोसळल्या आणि छप्पर झोपलेल्या माणसांवर आलं. त्या भूकंपात सुमारे ८,००० माणसं गेली.

जुन्या भिंतीलाही उपाय आहे. जपून आरपार भोक पाडायचं, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई घालायची आणि काँक्रीट भरायचं. झाला आरपार दगड!

दुसऱ्या दिवशी काकांना हे सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “आता विटा भिजव. कोरडी वीट मसाल्याचं पाणी पिते.” परीक्षेत हेडरला दोन मार्क असतात. साइटवर मात्र तो विसरून चालणार नाही.