चढायच्या आधी शिडी बघ

अगं, बुद्धपौर्णिमेच्या प्राणीगणनेला तुझं नाव लागलं म्हणून तू नाचते आहेस, आणि आई देव पाण्यात घालून बसली आहे. तिला भीती बिबट्याची. तो बिचारा पाणवठ्यावर येईल, पाणी पिऊन जाईल. माझा जीव अडकलाय तो मचाणाच्या शिडीत.

पूर्वी मचाणावर शिकारी बंदुका घेऊन बसायचे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आता आपण वही-पेन घेऊन बसतो. पण झाडावर चढणं काही बदललेलं नाही.

नाशिकहून घोटीमार्गे भंडारदऱ्याला उजेडातच पोच. अंधारात बांधणी दिसत नाही. आधी झाड बघ. जांभूळ दिसायला डेरेदार, पण फांदी ठिसूळ; शेवग्याचं तर नावच नको. वर पोळं, मुंग्यांची घरटी, वाळकी फांदी आहे का तेही बघ.

मग शिडी. पाय टणक जमिनीत रोवलेले हवेत, दगडावर टेकवलेले नकोत. खाली, मध्ये आणि वर, तिन्हीकडे खोडाला बांधलेली हवी. खोड आणि शिडीचा बांबू यांना मिळून नुसते वेढे मारलेला दोर घट्ट वाटतो, पण वजन पडलं की सरकतो. म्हणून त्या वेढ्यांवरून, बांबू आणि खोडाच्या फटीतून, आडवे वेढे घालून आवळलेले असतात. ते बोटानं चाचपून बघ. काथ्याचा दोर सालीला धरून राहतो. नायलॉन गुळगुळीत, त्याची गाठ सैलावते. सुरगाठ दिसली तर सरळ सांग, निरगाठ मारून घे. "ही शहरातली पोरगी आम्हाला शिकवते" असं कुणी म्हणालं तर म्हणू दे.

शिडीचं टोक मचाणाच्या वर तीनेक फूट आलेलं असावं. शिडीवरून मचाणावर पाय टाकतानाच तोल जातो, तेव्हा हाताला काहीतरी हवं. ट्रेकिंगवाल्या मैत्रिणीचा हार्नेस माग आणि वर बसल्यावरही तो खोडाला अडकवलेलाच ठेव; पहाटे डुलकी लागते. पिशवी पाठीवर घेऊन चढू नकोस, मागाहून दोरीनं ओढून घे. ओढणी घरीच ठेव.

वळवाचे ढग गडगडायला लागले तर वीज जवळ यायच्या आत सगळ्यांनी उतरायचं, गणना गेली खड्ड्यात.

आणि हो, चढण्याआधी लघवीला जाऊन ये. एकदा वर बसलं की एरवी उजाडेपर्यंत उतरता येत नाही. सूचनांच्या कागदावर हे कुणी लिहीत नाही गं.