सांजेचा दीड तास



सांज झाली. गुरे गोठ्यात परतली. चुलीवर भात शिजतो आहे. सारी माणसे घरात आहेत. पण घरात बोलणे नाही. आई टीव्हीकडे पाहते. बाप मोबाईलकडे पाहतो. पोर दोघांकडे पाहते, आणि मग तेही मोबाईल मागते. तुमच्या घरी असे होते काय? माझ्या घरी झाले. ते आधी सांगतो.

मी जन्मभर मुलांना शिकवले. निवृत्त झालो, तेव्हा मुलाने मोबाईल घेऊन दिला. एके सांजेला नातू शाळेतली गोष्ट सांगत होता. मी मोबाईल पाहत नुसता ‘हं, हं’ करत होतो. शेवटी तो म्हणाला, “आबाजी, तुमी आयकतच नाई!” आणि उठून गेला. ती गोष्ट काय होती, ते मला आजही ठाऊक नाही.

मुंबईत टीव्ही २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाला. खेड्यांत तो बऱ्याच वर्षांनी आला. भारतात इंटरनेट लोकांसाठी १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. आपल्या आजा-आजीच्या घरी यातले काहीच नव्हते. भंडारा जिल्ह्यात सांजेला ओसरीवर कंदील लागे. आजी विड्या वळता वळता गोष्ट सांगे. पोरे कोडी घालीत. दिवाळीनंतर मंडई भरे. तिथल्या दंडारीच्या गमती पुढे कितीतरी दिवस घरात रंगत.

पण जुने ते सारेच सोने नव्हते. रात्री बाई अडली, तर बैलगाडी जुंपावी लागे. आज १०८ नंबर लावून रुग्णवाहिका बोलावता येते. सातबारा मोबाईलवर दिसतो. म्हणून यंत्राला शिव्या देऊ नका. त्याला वेळ बांधून द्या.

एका गावाने हे केले. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे. कोरोनाच्या काळात शाळा बंद होत्या. मुले मोबाईलवर शिकली. शाळा उघडल्या, पण मोबाईल हातातून सुटेना. तेव्हा २०२२ साली गावाने ठरविले, की सांजेला ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजेल. भोंगा वाजला, की टीव्ही आणि मोबाईल बंद. ८.३० पर्यंत मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, बोलावे. बायांनी ही गोष्ट उचलून धरली. आशाताई, अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. नुसता भोंगा वाजवून भागले नाही. लोकांना समजवावे लागले.

मोबाईल सोडणे जड का जाते? एक चित्र संपले, की दुसरे आपोआप सुरू होते. तुम्ही जितका वेळ पाहता, तितक्या जाहिराती दिसतात. जाहिरातींचा पैसा कंपनीला मिळतो. म्हणजे पाहणाऱ्याचा वेळ हाच तिचा माल. आपला वेळ फुकट का द्यावा?

लहान लेकरांना तर फार जपावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले, की एक वर्षापर्यंतच्या बाळाला पडदा दाखवूच नये. २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसात १ तासाहून जास्त नको. लेकरू बोलायला शिकते, ते माणसाच्या बोलण्याला उत्तर देत देत. पडदा बोलतो, पण लेकराचे ऐकत नाही.

आता काय करावे? घरात मोबाईलसाठी एक कोनाडा ठरवा. सांजेला तो तिथे ठेवा. घंटी वाजली, तर उठून घ्या. आधी मोठ्यांनी ठेवावा, मग पोरांना सांगावे. उलटे केले, तर पोरे मानणार नाहीत.

आणि त्या वेळात एक काम जरूर करा. तुम्ही नुकतेच वाचायला शिकलात. शिकलेले अक्षर वापरले नाही, तर विसरते. रोज एक पान मोठ्याने वाचा. अडले, तर पोराला विचारा. त्यात लाज नाही. माय वाचते आणि लेक ऐकते, अशा घरात दोघीही शिकतात.

मी आता सांजेला मोबाईल कोनाड्यात ठेवतो. नातवाला विचारतो, “आज शाळेत काय झालं गा?” पहिले चार दिवस तो काहीच बोलला नाही. पाचव्या दिवशी बोलला. आता तो थांबत नाही.

प्रश्न
१. मोहित्यांच्या वडगावात भोंगा किती वाजता वाजे?
२. मोबाईल आधी कोणी ठेवावा? का?
३. आज सांजेला तुमच्या घरी कोण काय बोलले? दोन ओळी लिहा.