अनुपस्थित मतदार : उदासीन की वंचित?

प्रत्येक निवडणुकीनंतर मतदानाची टक्केवारी जाहीर होते आणि घटलेल्या मतदानाचे खापर मतदाराच्या उदासीनतेवर फोडले जाते. हे निदान आपण तपासून पाहिले पाहिजे. कारण निदान चुकले तर उपायही चुकतो.

2019 च्या लोकसभा निवडणुकीत सुमारे 67 टक्के आणि 2024 मध्ये सुमारे 66 टक्के मतदान झाले. म्हणजे तीन मतदारांपैकी एक जण मतदान केंद्रापर्यंत पोहोचला नाही. या अनुपस्थितांत दोन वर्ग आहेत. 2024 च्या विधानसभा निवडणुकीत मुंबईतील कुलाबा मतदारसंघात निम्म्याहून कमी मतदान झाले. तेथे केंद्र जवळ होते आणि कायद्याने भरपगारी सुटीही होती. अशा ठिकाणी उदासीनतेचा आरोप बऱ्याच अंशी पटतो.

दुसरा वर्ग आपल्याला अधिक परिचित आहे. बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतील ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. 2024 च्या विधानसभेचे मतदान 20 नोव्हेंबरला, म्हणजे नेमके हंगामाच्या तोंडावर होते. मजुराचे नाव गावाच्या यादीत आणि बिऱ्हाड कारखान्याच्या परिसरातील कोपीत. मुकादमाची उचल फिटायची असताना मजुरी बुडवून, पदरचे भाडे खर्चून त्याने एका मतासाठी गावी यावे, अशी आपली व्यवस्था अपेक्षा करते.

ब्रिटिश राजवटीत मताधिकार मालमत्ता आणि कर यांवर अवलंबून होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1919 मध्ये साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाची बाजू मांडली आणि 1928 मध्ये सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केली. संविधानाच्या अनुच्छेद 326 ने तो सर्वांना मिळाला. मालमत्तेची अट गेली. स्थलांतरितांसाठी अंतराची अट मात्र अलिखित स्वरूपात शिल्लक आहे.

या प्रश्नाकडे पाहण्याची एक दृष्टी भिक्खू संघाच्या विनयात सापडते. संघात शलाकांनी मतदान होत असे, याचा उल्लेख बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 च्या संविधान सभेतील भाषणात केला होता. आजारी भिक्खूला सभेस येता येत नसेल, तर तो आपली संमती दुसऱ्या भिक्खूमार्फत कळवी. तेही शक्य नसेल, तर त्याला उचलून आणावे. हलवता येत नसेल, तर संघानेच त्याच्याकडे जावे, असा नियम होता. अनुपस्थिताला दोष देण्यापूर्वी त्याच्यापर्यंत पोहोचण्याची जबाबदारी संघाने स्वतःवर घेतली होती.

आपल्या कायद्यालाही हे तत्त्व अपरिचित नाही. सैनिकांना टपाली मतदान आहे, विस्थापित काश्मिरींसाठी जम्मू व दिल्लीत विशेष केंद्रे असतात. 2024 मध्ये 85 वर्षांवरील आणि दिव्यांग मतदारांना घरून मतदान करता आले. डिसेंबर 2022 मध्ये निवडणूक आयोगाने एकाच केंद्रातून 72 मतदारसंघांचे मतदान घेऊ शकणाऱ्या यंत्राचा प्रस्ताव मांडला. परराज्यातील केंद्रावर पक्षांचे प्रतिनिधी कसे नेमायचे, आचारसंहिता कोण राबवणार, हे पक्षांचे आक्षेप रास्त आहेत. त्यांची उत्तरे शोधून ही सुधारणा पुढे नेली पाहिजे.

मतदान सक्तीचे करावे, असेही सुचवले जाते. ऑस्ट्रेलियात 1924 मध्ये तसा कायदा झाला आणि 1925 च्या निवडणुकीत मतदान 91 टक्क्यांवर गेले. परंतु तेथे टपाली व आगाऊ मतदानाचीही सोय आहे. अशी सोय न करता केलेली सक्ती म्हणजे स्थलांतरित मजुराला दंड. विधी आयोगानेही 2015 मध्ये सक्तीची शिफारस नाकारली.

कायदा बदलेपर्यंत आपल्या हाती काही कामे आहेत. 17 वर्षे पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याला आगाऊ नोंदणीचा अर्ज करता येतो. नव्या नावासाठी नमुना 6 आणि पत्ता बदलण्यासाठी नमुना 8 भरावा लागतो. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या वस्तीत हे अर्ज भरून द्यावेत. आणि मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला विचारावे, की हंगामावर गेलेल्या आमच्या माणसांच्या मतासाठी तुम्ही काय करणार आहात?