मध्यरात्रीपर्यंत काम करणारी माणसे

अमरावती जिल्ह्यातील पापळ गावचे डॉ. पंजाबराव देशमुख आणि अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी हे दोघे भारताच्या घटना समितीचे सभासद होते. काझी सय्यद करीमुद्दीन हेही त्या वेळच्या मध्यप्रांत-वऱ्हाडातून निवडून गेले होते. दिल्लीत भरणाऱ्या या समितीत आपली राज्यघटना तयार होत होती. सभासद भाषणे करीत, वाद घालीत, मते देत. पण मुलांनो, ठरलेली गोष्ट कायद्याच्या भाषेत कोण लिहीत असे?

घटनेच्या कच्च्या मजकुराला 'मसुदा' म्हणतात. हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. उर्दूत आपण 'मुसव्वदा' म्हणतो. १९४८ च्या मसुद्यात ३१५ कलमे होती. त्यांवर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या आल्या. त्यांपैकी २,४७३ सभेपुढे मांडल्या गेल्या. पोलिसांनी योग्य कारणाशिवाय कोणाच्या घराची झडती घेऊ नये, ही दुरुस्ती काझी करीमुद्दीन यांनी मांडली होती. डॉ. आंबेडकरांना ती मान्य होती, तरी ती शेवटी मंजूर झाली नाही. पण नामंजूर झालेल्या दुरुस्तीचेही काम असतेच. ती नोंदवायची, तिला क्रमांक द्यायचा, तिच्या प्रती सभासदांना द्यायच्या. दुरुस्ती मंजूर झाली, तर कलम नव्याने लिहायचे. मध्येच एक कलम वाढले, की पुढच्या सर्व कलमांचे क्रमांक बदलतात. एका कलमात दुसऱ्याचा उल्लेख असेल, तर तोही शोधून बदलावा लागतो. अशी ३१५ ची ३९५ कलमे झाली, आणि तेव्हा संगणक नव्हते!

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलायला उभे राहिले. ते मसुदा समितीचे अध्यक्ष होते. अनेक सभासदांनी त्यांची स्तुती केली होती. ते म्हणाले, की हे श्रेय माझ्या एकट्याचे नाही. पहिला कच्चा मसुदा करणारे सल्लागार बी. एन. राव यांचे नाव त्यांनी घेतले. त्याहून मोठा वाटा त्यांनी मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना दिला. अवघड विचार सोप्या व स्पष्ट शब्दांत मांडण्याची त्यांची हातोटी विरळच, असे ते म्हणाले. मुखर्जी नसते तर आणखी कितीतरी वर्षे लागली असती, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले.

मग त्यांनी मुखर्जींच्या हाताखालच्या कर्मचाऱ्यांची आठवण काढली. ही माणसे कधीकधी मध्यरात्र उलटून गेली तरी काम करीत. बाबासाहेबांनी भर सभेत त्या सर्वांचे आभार मानले. त्यांची नावे मात्र त्या भाषणात नाहीत.

दुसऱ्या दिवशी, २६ नोव्हेंबरला, घटना मंजूर झाली.