मानेची शस्त्रक्रिया आणि मागे उरलेला खांदा

मानेच्या मणक्यांमधील गादी सरकून नस दबली असता शस्त्रक्रियेने ती मोकळी करतात. तथापि फार काळ दबलेली नस पूर्ववत होण्यास काही आठवडे, कधी काही महिने लागत असल्याने खांद्याचे दुखणे लगेच थांबत नाही. शिवाय मानेतील गादीची वेदना खवाट्यात जाणवते, हे राल्फ क्लॉवर्ड या अमेरिकी शल्यविशारदाने १९५९ मध्ये दाखवून दिले होते. त्यामुळे खांद्यातील प्रत्येक कळ मानेच्याच खात्यावर मांडली जाते आणि उपचार लांबतात.

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यातील एका मधुमेही रुग्णाने शस्त्रक्रियेनंतर मानेला पट्टा लावून हातही अंगाशी धरून ठेवला, कळ आली की ‘नस भरते आहे’ अशी समजूत घातली, आणि सदऱ्याच्या बाहीत हात जाईनासा झाला तेव्हा कुठे खांद्याची स्वतंत्र तपासणी झाली. सांध्याभोवतीचे वेष्टन आखडून बसले होते. या विकाराला ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणतात. तो मधुमेहात अधिक आढळतो आणि हात दीर्घकाळ न हलवल्यानेही जडतो. तिथल्याच विभागीय क्रीडा संकुलाच्या मैदानावरील सकाळच्या फेऱ्या प्रकृतीला चांगल्या खऱ्या, पण त्यांनी आखडलेला खांदा सुटत नाही.

दुसऱ्याने हळूच उचलला तरी हात अडतो, तेव्हा दोष बहुधा सांध्यात असतो. दुसऱ्याने उचलल्यास सहज वर जातो पण स्वतःहून उचलता येत नाही, तेव्हा नस किंवा स्नायू दुर्बळ असतो. मानेतील पाचव्या नसेची अशी दुर्बलता शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत शंभरातील सुमारे पाच रुग्णांना जाणवते आणि बहुतेकांची काही महिन्यांत भरून येते, परंतु आत रक्त साकळून नस दबली नाही ना, हे शल्यविशारदाने त्वरित पाहणे आवश्यक असते. चालताना तोल जाणे, बोटांनी गुंडी न लागणे, लघवीवरील ताबा सुटणे किंवा तापासह जखमेतून स्राव येणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी शल्यविशारदाकडे, ते न भेटल्यास घाटी या शासकीय रुग्णालयात जावे.

मान मोडून घेणे व जोरकस मालिश पूर्णतः वर्ज्य समजावे. खांद्याचे व्यायाम शल्यविशारदाच्या परवानगीने फिजिओथेरपिस्टकडून शिकावेत, आणि सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन सुचवले गेल्यास मधुमेहाच्या डॉक्टरांना आधी कळवावे, कारण त्यानंतर काही दिवस रक्तातील साखर वाढते.