जाड ऑइल आधी काढून टाक

नाशिक, ६ जानेवारी

चि. समीर यास,

काल ताईचा फोन आला. द्राक्षांचं, थंडीचं बोलणं चाललं होतं. मध्येच म्हणाली, समीरने गाडीत जाड ऑइल भरून आणलंय, त्याने आवाज बसतो म्हणे. कोणतं भरलं ते मी विचारलं, तर तिने डबाच आणून वाचून दाखवला: २०डब्ल्यू-५०. मला रात्री झोप लागली नाही.

अरे, तुझ्या गाडीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० लिहिलेलं आहे. गाडी घेतली तेव्हा ते पान आपण दोघांनी बसून वाचलं होतं. मग गॅरेजवाला एक बोलला आणि तू मान डोलावलीस? मला एक फोन करायला काय झालं होतं?

ताईने आणखी एक सांगितलं आणि माझी काळजी तिथे अडकली आहे. दुपारी गाडी अगदी मऊ चालते, पण पहाटे चालू केली की खडखड आधीपेक्षा जास्त वेळ ऐकू येते, तिची झोप मोडते. म्हणजे ज्या आवाजासाठी ऑइल बदललंस तो गेलेला नाही, वाढला आहे.

का वाढला, ते नीट समजून घे. रात्रभरात ऑइल खाली चेंबरमध्ये उतरतं. सकाळी पंप ते वर चढवतो. आधी फिल्टर, मग क्रँकची बेअरिंगं, टायमिंग चेनचा टेन्शनर आणि सगळ्यात शेवटी वर हेडमधले टॅपेट. तुझ्या इंजिनात टेन्शनर आणि टॅपेट दोन्ही ऑइलच्या दाबावर चालतात. दाब पोचेपर्यंत चेन सैल राहते आणि टॅपेट भरलेले नसतात. खडखड चेनची, टिकटिक टॅपेटची. ऑइल जितकं लवकर वर पोचेल तितका हा आवाज लवकर थांबतो.

डब्ल्यूच्या अगोदरचा आकडा थंडीतला. ५डब्ल्यू ऑइलवर सेल्फ मारता येतो की नाही, हे उणे ३० अंशांवर तपासतात, २०डब्ल्यूचं उणे १५ वर. तू म्हणशील, निफाडला कुठे एवढी थंडी पडते? खरंय, ऑइल गोठणार नाही, गाडीही चालू होईल. पण पारा पाच-सहा अंशांवर आला, बागेत शेकोट्या पेटवायची वेळ आली, की हे ऑइल तुझ्या ५डब्ल्यू-३० च्या तिप्पट-चौपट घट्ट झालेलं असतं. गारठ्यात काकवीचा डबा उपडा केला तर ती जशी ओघळते, तसं ते चढतं. शिवाय इतकं घट्ट ऑइल फिल्टरच्या कागदातून जाईना झालं की बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळताच पुढे जातं. डिझेलची काजळी, धातूचा कीस, सगळं त्याच्याबरोबर बेअरिंगवर. मला भीती आहे ती या पहिल्या काही सेकंदांची. इंजिनची बरीचशी झीज तेव्हाच होते, आणि तू ते सेकंद रोज पहाटे लांबवतो आहेस.

गॅरेजवाल्यावर फार रागावू नकोस. त्याच्या उस्तादाने त्याला तेच शिकवलं असणार, माझ्याही उस्तादाने मला तेच शिकवलं. अॅम्बेसेडर, पद्मिनी यांच्या इंजिनात फटी मोठ्या, त्यांना जाड ऑइलच लागायचं, आणि आवाज आला की आणखी जाड, हा उपाय चालूनही जायचा. आताच्या इंजिनांत फटी बारीक आहेत, ऑइलचे मार्ग अरुंद आहेत.

माझे उस्ताद लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावून कोणतं बेअरिंग गेलं ते सांगायचे. कान त्यांनी मला दिला, पण पुस्तक कोणी दिलं नाही. वडील गेले त्या वर्षी माझं आयटीआयचं राहिलं ते राहिलंच. इंग्रजी पुस्तक समोर आलं की कोणाला तरी बोलावून वाचून घ्यावं लागायचं. कितीतरी वर्षं मी अंदाजाने कामं केली, त्याची सल अजून आहे. तुला ताईने पोटाला चिमटा घेऊन शिकवलं. तू तरी पुस्तक बंद ठेवू नकोस.

आता आवाज ओळखायला शीक. गार डिझेल इंजिन थोडं ठणठणतंच, कारण थंडीत डिझेल पेट घ्यायला उशीर करतं. त्याला ऑइलचा इलाज नाही. टिकटिक दोन-तीन सेकंदांत थांबत असेल तर घाबरू नकोस. बोदा आवाज येऊन इंजिन तापलं की जात असेल, तर पिस्टन थोडे सैल झालेत, गाडी तरीही पुष्कळ चालेल. पण चेनची खडखड रोज लांबत असेल, किंवा खालून ठकठक येऊन लोड पडल्यावर वाढत असेल, तर गाडी पुढे काढायची नाही. जाड ऑइलचा मोठा धोका हाच, की दिवसभर ते हे आवाज दाबून ठेवतं. चेन सैल होत जाते आणि तुला कळत नाही. चेनने दात सोडला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि चालत्या गाडीत इंजिन बंद पडतं. तू आठवड्याला मुंबईला जातोस, कसाऱ्याचा घाट उतरतोस. तुझ्या वडिलांची, भाऊंची जीप त्या घाटात बंद पडली ती रात्र तुझ्या आईला आणि मला पुरेपूर आठवते. तू तेव्हा लहान होतास.

म्हणून सांगतो. हे ऑइल आधी काढून टाक. पैसे गेले म्हणून हळहळू नकोस. पुस्तकात लिहिलेला आकडा आणि त्यापुढची प्रत जुळवून सीलबंद डबा घे. फिल्टरही नवा आणि अस्सल घाल. स्वस्त फिल्टरमधलं रबर कडक होतं, रात्री ऑइल धरून ठेवत नाही, आणि पुष्कळदा पहाटेच्या आवाजाचं मूळ तेवढंच निघतं. सपाट जागी, गार इंजिनवर डिपस्टिक बघत जा. आवाज मारायची औषधं मिळतात, ती ओतू नकोस. गाडी चालू झाल्या झाल्या रेस देऊ नकोस. अर्धा मिनिट थांब आणि पहिले दोन-चार किलोमीटर हळू ने. एवढं करूनही खडखड राहिलीच, तर ऑइलचा दाब मीटर लावून मोजून घ्यायचा आणि चेन उघडून बघायची. त्याचा खर्च मी करीन, त्यावर वाद घालू नकोस.

फार बोललो, मला ठाऊक आहे. ही गाडी तू स्वतःच्या कमाईतून घेतलीस, पहिल्या दिवशी आईला घेऊन माझ्या दारात आलास, तेव्हा मला केवढा आनंद झाला ते तुला कधी सांगितलं नाही. भाऊ असते तर त्यांनी गावभर सांगितलं असतं. तू कष्टाळू आहेस, सरळ आहेस, कोणावरही पटकन विश्वास ठेवतोस. तो तुझा गुण आहे, तो सोड असं मी म्हणणार नाही. फक्त अशा वेळी मला विचारत जा. मला त्रास होत नाही, उलट बरं वाटतं.

रविवारी छोटीला आणि सूनबाईंना घेऊन ये, पण बसने ये. येताना पुस्तक आण. ऑइल आणि फिल्टर मी आणून ठेवतो. सोमवारी तुझ्याबरोबर निफाडला येईन, आपण दोघं मिळून बदलू, आणि मंगळवारी पहाटे चावी तू फिरव, मी ऐकतो. तोवर मुंबईची फेरी टाळ. एवढं माझं ऐक.

तुझा,
मामा