डावखुऱ्याचं पिस्तूल

प्रश्न : ह्यूस्टनला राहतो, ग्रीन कार्ड आहे. मी डावखुरा. सोबत बाळगायला कोणतं पिस्तूल घेऊ?

उत्तर : बहुतेक पिस्तुलं उजव्या हाताचा विचार करूनच घडवलेली असतात. आधी मॅगझिन सोडायचं बटण पाहा. ग्लॉक १९ च्या जेन ५ मध्ये ते उजवीकडे बसवून घेता येतं, स्लाइड स्टॉपही दोन्ही बाजूंना असतो. सिग पी३६५ चं बटण बदलतं, स्लाइड कॅच मात्र डावीकडेच; तो तर्जनीनं दाबायची सवय होते. रिव्हॉल्व्हरचं चक्र डावीकडे उघडतं, म्हणून भरताना हातांची अदलाबदल आलीच. खरी गोची होल्स्टरची! डाव्या हाताचं दुकानात क्वचितच मिळतं, मागवावं लागतं. ट्रिगर पूर्ण झाकणारं, कडकच घ्या. आणि विकत घेण्याआधी रेंजवर भाड्यानं चालवून बघा.